स्वस्तातली दुर्बीण

दुकानदाराने चौथ्यांदा विजयसिंहाकडे बघून उत्तर दिलं, तेव्हा सुरेखाचं डोकं फिरलं.

प्रश्न ती विचारत होती. रायफल तिची, परवाना तिच्या नावचा, दुर्बीणही तिलाच हवी होती. विजयसिंह, तिचा नवरा, नुसता गाडी चालवायला आला होता. दिवाळीत लवंगी माळ लागली की हा माणूस कानात बोटं घालून मागच्या दारी जातो, हे कसबा बावड्यातल्या त्यांच्या गल्लीत शेंबड्या पोरांनाही ठाऊक होतं. दुकानदाराला ते कसं ठाऊक असणार? त्याच्यासमोर भरघोस मिशा होत्या आणि मिशांशेजारी एक बाई होती. त्याने मिशांशी बोलायचं ठरवलं.

"शेतात डुकरं येत्यात काय साहेब?"

"डुकरं न्हाईत. मला पन्नास मीटरवरचा कागद मारायचाय," सुरेखा म्हणाली. "पॉइंट टूटू रायफल हाय. जवळच्या अंतराला जुळंल अशी दुर्बीण दाखवा. आणि स्वस्तातली दाखवा."

"मग ही घ्या साहेब. चोवीस पट! चंद्रावरचं खड्डं मोजत बसा."

विजयसिंहाने मान डोलावली. त्याला कुणी साहेब म्हटलं की ती आपोआप डोलते. सुरेखाने ती चोवीस पटीची दुर्बीण उचलून डोळ्याला लावली, रस्त्यापलीकडच्या मेडिकलच्या पाटीवर रोखली आणि परत काउंटरवर ठेवली. पाटीवरचं एक अक्षरसुद्धा धड लागत नव्हतं.

"ही लांब मारायच्या रायफलीची हाय," ती म्हणाली. "पन्नास मीटरला ह्यातनं बघताना मान जरा जरी सरकली तरी आतली फुली कागदावरच्या ठिपक्यावरनं सरकती. माझी रायफल हलत न्हाई, पण मला वाटतं हलली. असली नको."

"वैनींना लई माहिती हाय की हो," दुकानदार विजयसिंहाला म्हणाला.

"व्हय, ती क्लबात जाती," विजयसिंह म्हणाला. आपली बायको भिशीला जाते असं सांगावं, तितक्याच सहजपणे.

सुरेखा दुकानाबाहेर आली आणि गाडीत जाऊन बसली. दार जरा जोरातच लावलं.

तिचं हे वेड आजचं नव्हतं. वारणानगरच्या कॉलेजात एनसीसीत असताना तिने पहिल्यांदा पॉइंट टूटू रायफल खांद्याला लावली. बाकीच्या पोरी चाप ओढताना डोळे मिटून घ्यायच्या, हिने उघडे ठेवले. पुढे दूध संघाच्या लॅबमध्ये नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, ती शिकायला पुण्याला गेली. मग एकदा जुने एनसीसीचे आकारामसर रस्त्यात भेटले. ते आता रायफल क्लब चालवत होते. "हात अजून हाय का गेला?" त्यांनी विचारलं, आणि सुरेखा पुढच्या रविवारी रेंजवर हजर झाली. परवान्यासाठी तिने चपला झिजवल्या, एक जुनी बोल्टची रायफल घेतली आणि उघड्या माशीवर नेम धरून जिल्ह्यात नाव काढलं.

मग चाळिशी लागली. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे तो इवलासा लोखंडी खुंटा, दिसेनासा झाला. चष्मा लावला तर माशी दिसायची आणि टार्गेट धुक्यात जायचं, चष्मा काढला तर उलट. आकारामसरांनी सरळ सांगितलं, "आता दुर्बीण लाव. त्यात फुली आणि ठिपका एकाच ठिकाणी दिसतात. न्हाईतर खेळ बंद कर." नोव्हेंबरात पुण्याला क्लबाक्लबांची दुर्बीण गटाची स्पर्धा होती. टेबलाशी बसायचं, रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवायची आणि पन्नास मीटरवर मारायचं. क्लबाचा संघ चौघांचा. तिघे ठरलेले होते. चौथी जागा एकतर सुरेखाला मिळणार होती, नाहीतर जयसिंगपूरच्या जिनेंद्रला, आणि दसऱ्यानंतरच्या रविवारी दोघांतून एकाची निवड होणार होती. ही जागा गेली तर सुरेखाला दुसरा गट उरत नव्हता. मग रायफल कपाटात ठेवून तिला फक्त तेल घालत बसायचं.

म्हणून दुर्बीण. आणि दुर्बिणीसाठी सगळ्या जगाचे सल्ले.

मोबाइलवर तिने जे व्हिडिओ बघितले त्यातला प्रत्येक माणूस शेवटी एकच वाक्य बोलायचा: थोडं बजेट वाढवा. क्लबातले लोकही तेच म्हणायचे. जिनेंद्रचं बियाण्याचं दुकान होतं, मुलगा सज्जन होता, तिला ताई म्हणायचा. पण त्याच्या रायफलीवर परदेशी दुर्बीण होती आणि तोही म्हणायचा, "ताई, जरा वर जावा. ह्यात काटकसर नको." जरा वर गेलं की तिथला माणूस आणखी जरा वर बोट दाखवायचा. ह्या लोकांच्या हिशेबाने वर जात राहिलं असतं तर सुरेखा जोतिबाच्या डोंगरावर पोचली असती, पण दुर्बीण काही हाताला लागली नसती.

वैतागून तिने ऑनलाइन एक मागवली. जाहिरातीत लिहिलं होतं, सर्व रायफलींना चालते. आली तेव्हा तिच्या रायफलीवर बसवायच्या कड्या रुंद पट्टीच्या निघाल्या आणि सुरेखाच्या जुन्या रायफलीवरची खाच अरुंद. कडी बसेचना. विजयसिंहाने मधे रबराचा तुकडा घालून बघूया म्हटलं. ट्रॅक्टरवर असं चालतं म्हणे. सुरेखाने त्याच्या हातातून दुर्बीण काढून घेतली. परत पाठवायला कंपनीला फोन केला तर तिकडच्या मुलीने विचारलं, "मॅम, सरांशी बोलता येईल का?" त्या दिवशी सुरेखाने जेवणात मीठ दोनदा घातलं आणि कुणी काही बोललं नाही.

शेवटी ती विजयसिंहाला घेऊन पुन्हा त्याच दुकानात गेली, कारण दुसरं दुकान नव्हतं. ह्या वेळी तिने मागचं कपाट उघडायला लावलं. "उघडा की. मी काय खात न्हाई." धुळीतल्या एका खोक्यात नऊ पटीची, साधी, काळी दुर्बीण होती. पुढच्या भिंगाशी एक कडं होतं, ते फिरवून जवळचं अंतर लावता येत होतं. कड्या अरुंद खाचेच्या. तिने रस्त्यापलीकडच्या पाटीवर रोखली, मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली. फुली जागची हलली नाही. तिला ओरडावंसं वाटलं, पण दुकानदारासमोर खूश झालं की भाव उतरत नाही हे तिला माहीत होतं. तिने तोंड वाकडं केलं.

"ह्यात खोट काय हाय?"

"खोट कसली? फक्त पाण्याची न्हाय ही," दुकानदार विजयसिंहाला म्हणाला. "पाण्यापासनं तेवढी जपायची बघा, साहेब. आत ओल गेली की संपलं."

सुरेखाने विचार केला. रेंजला पत्र्याचं छप्पर. रायफल पेटीत, पेटी गाडीत. पावसात उभं राहून मारायला ती काय सीमेवर होती? पाणी न शिरणारी घ्यायची तर पुन्हा जरा वर जावं लागणार होतं, आणि वर जायचा तिला आता उबग आला होता. तिने ती घेतली.

त्यानंतरचे दोन महिने तिच्या आयुष्यात बरे गेले. लॅबमधून सुटली की ती रेंजवर जायची. पहिल्यांदा सगळ्या गोळ्या वर आणि डावीकडे पडल्या. मग दुर्बिणीवरच्या टोपणांखालच्या चकत्या एकेक खटका फिरवत तिने त्या मधे आणल्या. फुली ठिपक्यावर ठेवायची, श्वास अर्धा सोडायचा, चाप ओढायचा. कागदावर एका भोकात दुसरं, दुसऱ्यात तिसरं. आकारामसर माणसाचं कौतुक करताना हात आखडता घेणारे, पण तेही एकदा कागद उजेडात धरून म्हणाले, "आता त्या स्क्रूंना कुणाचा हात लावू देऊ नकोस." जिनेंद्रने कागद बघितला आणि आपली परदेशी दुर्बीण पुसत बसला. दोघांत काही फार फरक उरला नव्हता. काही दिवशी तो पुढे, काही दिवशी ती.

मग खंडेनवमी आली.

सुरेखाची सासू चिमणाबाई. सुरेखा तिला आत्ती म्हणायची. खंडेनवमीला आत्तीच्या पूजेत घरातलं सगळं यायचं: कोयते, खुरपी, विळी, पहार, सासऱ्यांची गंजकी तलवार, आणि अंगणात ट्रॅक्टर. एकदा तर विजयसिंहाचा मोबाइलसुद्धा बसला होता. पण सुरेखाची रायफल कधीच बसली नाही. रायफल घेतली त्या वर्षी सुरेखा ती घेऊन हौसेने पुढे आली होती, तेव्हा आत्ती म्हणाली होती, "ते तुझ्या खेळण्याचं हाय गं. ठेव आत." त्यानंतर सुरेखाने विषय काढला नाही. पण दरवर्षी झेंडूचं फूल मोबाइलवर ठेवलेलं बघितलं की तिचा जीव जळायचा.

ह्या वर्षी सकाळी चहा देताना आत्ती म्हणाली, "तुझी बंदूक बी काढ. पुण्याला न्यायची हाय न्हवं? पुजा झाल्याबिगर कशी नेतीस?"

सुरेखा हातातला चहा तसाच ठेवून उठली. तिने कपाट उघडलं, गोळी उडवणारा बोल्ट काढून आत कुलपात ठेवला आणि नुसती रायफल, दुर्बिणीसकट, दोन्ही हातांनी आत्तीच्या पुढ्यात ठेवली. एवढंच म्हणाली, "आत्ती, लोखंड हाय. पाणी लावू नका."

"आता तू मला शिकव! पन्नास वर्सं कोयतं पुजतोय मी."

सुरेखाला ड्यूटी होती. म्हशी खंडेनवमीची रजा घेत नाहीत, आणि दूध आलं की त्याचं फॅट बघावंच लागतं. विजयसिंह घरी होता, त्याला रायफलीजवळ बसायला सांगून ती गेली. दिवसभर लॅबमध्ये ती गुणगुणत होती. शेजारच्या टेबलावरच्या निशिगंधाने विचारलंसुद्धा, "मॅडम, पगार वाढला काय?"

दुपारी ती परत आली. अंगणात ट्रॅक्टर धुऊन चकाचक, बोनेटवर झेंडूचा हार. आत सोप्यात पाट मांडलेले. मधल्या पाटावर, तलवारीच्याही अलीकडे, तिची रायफल. लाकूड तेलाने लखलखत होतं, दस्त्याला हळदीकुंकवाची बोटं ओढली होती, वर सगळ्यांत मोठा हार. सुरेखाच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग तिला दिसलं की रायफलीवर दुर्बीण नाही.

दुर्बीण शेजारी स्टीलच्या ताटात, विड्याच्या पानांवर उभी केली होती. बुडाशी पाण्याचं थारोळं. वरच्या भिंगाच्या बरोबर मधोमध आत्तीने कुंकवाचा गोल टिळा लावला होता.

"ही कुणी काढली?" सुरेखाचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"मी," विजयसिंह म्हणाला. ट्रॅक्टर धुऊन तो खुशीत होता. "आई म्हणाली धुवायची हाय. चारच तर स्क्रू हुते. पान्यानं काढले."

"तुझ्या बंदुकीला थेंब लावला न्हाई बघ," आत्ती अभिमानाने सांगू लागली. "तेलाच्या फडक्यानं पुसली सबंध. तू म्हणालीस तसं. पर ह्ये काचेचं हाय. काच धुवायचीच असती. त्याच्या डोळ्याला किती घाण बसलीती, तुझी पावडर, काजळ, काय काय! बादलीत शिकेकाईच्या पाण्यात घातली आणि चांगली खळखळून काढली. ती वरची टोपणं काढून त्यात बी तांब्यानं पाणी सोडलं."

सुरेखाने दुर्बीण उचलली. कुंकू पुसलं आणि डोळ्याला लावली. अंगणातला ट्रॅक्टर ताकातून बघावा तसा दिसला. दुर्बीण हलवली तर आत काहीतरी डुचमळलं.

आता ह्या जागी दुसरी कुणी असती तर काय केलं असतं सांगता येत नाही. सुरेखाने ताट उचलून आपटलं. विड्याची पानं उडाली, ताट गरगरत उंबऱ्यापर्यंत गेलं.

"कुणी सांगितलंतं हात लावायला? कुणी सांगितलंतं? रविवारी निवड हाय माझी! दोन महिनं घालवलं मी हिच्यावर!"

"अगं, धुतल्याबिगर पुजत्यात व्हय कुठं?" आत्ती गोंधळून म्हणाली.

आणि ते खरंच होतं. त्या दिवशी त्या घरात काहीही न धुता पूजेला बसत नव्हतं, चाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टरसुद्धा. इतकी वर्षं तिला हवं होतं ते आत्तीने केलं होतं, आणि हात राखून नव्हे, मनापासून केलं होतं. विळीला वरवर पाणी शिंपडलं होतं, पण दुर्बीण बादलीत बुडवून काढली होती. एवढा मान त्या पूजेत दुसऱ्या कशाला मिळाला नव्हता. सुरेखाला हे सगळं दिसत होतं आणि त्यामुळे संताप कमी होण्याऐवजी वाढतच होता. आत्तीने मुद्दाम केलं असतं तर निदान धड भांडता आलं असतं.

"तुमी पुजा केली नसतीसा तर बरं झालं असतं," ती म्हणाली आणि आत गेली.

थोड्या वेळाने सोप्यात फडक्याने फरशी पुसल्याचा आवाज आला.

पुढचे दिवस सुरेखाने दुर्बिणीवर जे जे करता येईल ते केलं. तांदळाच्या डब्यात पुरली. गच्चीवर उन्हात ठेवली. केस वाळवायचं यंत्र लावलं. ओल एका टोकाकडून निघून दुसऱ्या टोकाला जाऊन बसायची. दसऱ्याला सगळ्यांनी सोनं वाटलं, हिनेही आत्तीच्या हातावर आपट्याची पानं ठेवली, पाया पडली, आणि बोलली नाही. विजयसिंह तिला घेऊन दुकानात गेला. दुकानदाराने दुर्बीण उजेडाला धरली, डोळा लावला आणि वळून विजयसिंहाला म्हणाला, "साहेब, पाण्यापासनं जपा म्हटलंतो की तुमाला."

विजयसिंहाने मान डोलावली. त्या मानेवर दुर्बीण मारावी असं सुरेखाला वाटलं. तिने मारली नाही, कारण उद्या रविवार होता आणि तीच एक दुर्बीण होती.

रविवारी सकाळी भिंग बऱ्यापैकी स्वच्छ दिसत होतं. तिने आदल्या संध्याकाळी दुर्बीण पुन्हा रायफलीवर चढवली होती. स्क्रू काढल्यावर जुळवलेलं सगळं मोडतंच, पण सुरुवातीच्या सरावाच्या गोळ्यांत ते पुन्हा जुळवता येणार होतं. मनात थोडी आशा धरून ती गाडीपाशी आली, तर मागच्या सीटवर आत्ती बसलेली. नऊवारीचा पदर नीट घेऊन, हातात पाण्याची बाटली.

"तुमी कुठं?"

"मी येतो," आत्ती म्हणाली. विचारल्यासारखं नाही, सांगितल्यासारखं. सुरेखाला वाद घालायचा कंटाळा आला होता. गाडी निघाली, आणि रेंज येईपर्यंत गाडीत फक्त विजयसिंह बोलत होता, ऊसतोडीच्या टोळीबद्दल.

रेंजवर आकारामसरांनी दोन टेबलं मांडली होती. एकावर जिनेंद्र, एकावर सुरेखा. आत्ती मागच्या बाकावर बसली. विजयसिंह कानात कापूस घालून झाडाखाली गेला. सुरेखाने पहिल्या चार गोळ्यांत फुली जवळजवळ मधे आणली. हात जुना होता, चुकत नव्हता. पाचव्या गोळीला ऊन पत्र्याच्या कडेवरून खाली उतरलं आणि टेबलावर आलं. नळी तापली, दुर्बीण तापली, आणि आत कुठेतरी दडलेली ओल भिंगावर चढू लागली. काळा ठिपका करडा झाला, मग पुसट, मग नाहीसाच.

तिने मान उचलली. "सर, दिसत न्हाई."

आकारामसर आले, डोळा लावून बघितलं, चुकचुकले. जिनेंद्र आपल्या टेबलावरून उठून आला. "ताई, माझी घ्या. माझी फेरी आधी होऊ दे, मग ही तुमच्यावर लावू." त्याने मनापासून म्हटलं होतं. सुरेखाने त्याच्या दुर्बिणीच्या कड्या बघितल्या. रुंद पट्टीच्या. तिच्या रायफलीची खाच अरुंद.

"बसत न्हाई," ती म्हणाली. हे शब्द उच्चारताना तिला हसू आलं, आणि ते रडण्याच्या फार जवळचं होतं.

"मग सोड," आकारामसर हळूच म्हणाले. "वेळ चालू झाला की मला थांबवता येणार नाही. नियम दोघांना सारखा."

सुरेखाने सोडलं नाही. पाना घेतला, चार स्क्रू काढले, दुर्बीण टेबलावर आडवी ठेवली आणि उघड्या माशीवर नेम धरला. माशी म्हणजे नळीच्या टोकाशी एक काळसर धूसर गोळा. कडा नाहीत, टोक नाही. कुठल्या तरी गोळ्याच्या मधे कुठला तरी ठिपका आहे असं समजून ती मारत गेली. काही गोळ्या मधे लागल्या, त्या कशा लागल्या हे तिलाही सांगता आलं नसतं. पण काही भरकटल्या. मारत असताना तिच्या मनात एकसारखं येत होतं की माझा हात हलत नाही, माझा श्वास चुकत नाही, माझं काहीसुद्धा चुकत नाही, आणि तरी मी हरणार.

ती हरली. सात गुणांनी. आकारामसरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले, जिनेंद्रच्या पाठीवर थाप मारली आणि सुरेखाला म्हणाले, "उघड्या माशीवर एवढं! कमाल हाय तुझी." पण कमालीला पुण्याचं तिकीट नव्हतं. जिनेंद्र "ताई..." म्हणून घुटमळला. तिने त्याचा हात हातात घेऊन नीट अभिनंदन केलं, कारण त्याने काही वाईट केलं नव्हतं. कुणीच काही वाईट केलं नव्हतं, आणि तेच तिला सलत होतं.

ती रायफल पेटीत घालत होती तेव्हा मागून आत्ती आली. जिनेंद्रच्या टेबलापाशी थांबली. त्याची रायफल बोल्ट उघडून, रिकामी, वाळूच्या पिशवीवर तशीच होती. "बाळ, ह्यातनं बघू काय?" तिने त्याला विचारलं. जिनेंद्रने आकारामसरांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. आत्ती स्टुलावर बसली, पदर खोचला आणि भिंगापाशी डोळा नेला. पहिल्यांदा काही दिसेना. जिनेंद्रने तिचं डोकं हलकेच मागे सरकवलं.

"आगं बया," आत्ती म्हणाली. "सुरेखा, ह्यो टिकलीएवढा ठिपका हाय, ह्यो हाणायचा असतोय?"

"व्हय."

"मला वाटलंतं मोठी फळी असंल. मला वाटलं, दुर्बीण म्हंजी गॉगलगत असंल, लावली तर लावली." आत्तीने डोळा काढला नाही. "मला कुणी दाखवली न्हाई की गं कधी."

सुरेखाने पेटीचं झाकण लावलं. दोन महिने दुर्बीण घरात होती. तिने ती विजयसिंहाला दाखवली होती, निशिगंधाला फोटो पाठवले होते, पुण्याच्या लेकीला व्हिडिओ कॉलवर फुली कशी दिसते ते समजावलं होतं. आत्ती त्याच सोप्यात शेंगा फोडत बसलेली असायची. तिच्याशी ह्याबद्दल बोलायचं सुरेखाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. पाणी लावू नका, एवढं एक वाक्य तिने रायफलीबद्दल आत्तीला सांगितलं होतं, आणि त्यातही लोखंड म्हणाली होती.

आत्ती उठली. तिच्या डोळ्याभोवती रबराचा गोल वण उठला होता. विजयसिंह झाडाखालून घाईघाईने येत होता. दोघी समोरासमोर उभ्या दिसल्या की तो नेहमी असाच मधे यायचा, ट्रॅफिक पोलिसासारखा.

"आई, चल, गाडीत बस," तो म्हणाला. "व्हायचं ते झालं. तुझ्यामुळं काय झालेलं न्हाई."

"तू गप," आत्ती म्हणाली. मग सुरेखाकडे वळली. "माझ्यामुळं गेलं काय गं?"

तसं काही नाही आत्ती, असं म्हणायची रीत होती. ते वाक्य सुरेखाच्या जिभेवर आलंही होतं. पंचवीस वर्षांत अशी पुष्कळ वाक्यं तिने वापरली होती.

"व्हय," सुरेखा म्हणाली. "तुमच्यामुळं गेलं. आणि माझ्यामुळं बी. मी सांगितलं न्हाई तुमाला."

विजयसिंहाने डोळे मिटले. आत्तीने मान हलवली. एखाद्या बाईने बाजारात खरा भाव सांगितल्यावर हलवावी तशी.

"बरं झालं बोललीस," ती म्हणाली. "तीन दिस ह्यो मला सांगतोय, तिच्या मनात काय न्हाई, तिच्या मनात काय न्हाई. मनात न्हाई तर ताट कसं गेलं उंबऱ्यापत्तोर?"

तिने पाण्याची बाटली सुरेखाच्या हातात दिली. सुरेखा पाणी प्यायली आणि तिथेच, जिनेंद्रच्या टेबलाला टेकून, मोठ्याने रडली. आत्तीने तिला जवळ घेतलं नाही की गप्प बस म्हटलं नाही. ती पुन्हा स्टुलावर बसली आणि भिंगाला डोळा लावून ठिपका शोधू लागली. सुरेखाचा राग अजून तसाच होता, आणि तो ऐकून घेणारं माणूस त्या घरात एकच निघालं होतं.